न खेळता पुढच्या फेरीत

बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा. महसूल खात्याला या आकड्याचा काही जाच होत असेल असं वाटत नाही, पण आम्हा खेळाच्या मास्तरांच्या तो मुळावर उठलेला आहे. बाद पद्धतीनं स्पर्धा घ्यायची तर संघ हवेत आठ, सोळा नाहीतर बत्तीस. तेरा यात कुठंच बसत नाही. मग सोळातून तेरा वजा करायचे, उरले तीन, आणि तेवढ्या संघांना ‘बाय’ द्यायचा. वरच्या गटात सात संघ, खालच्या गटात सहा. पहिला बाय खालच्या गटातल्या शेवटच्या संघाला, दुसरा वरच्या गटातल्या पहिल्याला, तिसरा खालच्या गटातल्या पहिल्याला. ही भानगडच नको म्हणून साखळी पद्धत घ्यावी, तर तेरा गुणिले बारा भागिले दोन, म्हणजे ७८ सामने. तेवढे होईस्तोवर सोयाबीन निघून तुरीला शेंगा धरतात.

हे सगळं मी फळ्यावर शिकवतो. विषयाचं नाव क्रीडा व्यवस्थापन. फळ्यावर ते फार सुंदर दिसतं. मैदानात पहिल्यांदा करायला गेलो तेव्हाची गोष्ट. बुलढाण्याला कबड्डीची स्पर्धा होती. चिठ्ठ्या काढल्या, फलकावर आकृती काढली आणि माईक हातात घेऊन घाटाखालच्या एका संघाला सांगितलं, ‘तुम्हाला बाय.’ कर्णधार म्हणाला, ‘हाव सर.’ पोरांनी पिशव्या उचलल्या आणि गेली. मला वाटलं, चहाला गेली असतील. दुपारी दुसऱ्या फेरीसाठी नाव पुकारलं, तर संघ राजूर घाट उतरून पार मोताळ्यापर्यंत पोचलेला. फोन लावला. पलीकडून शांत आवाज आला, ‘सर, तुमीच तं आमाले बाय म्हनलं. आमी बी बाय करून निघालो.’

तो पोरगा चुकला असं मी आजही म्हणणार नाही. बाय म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत जाणं, हे व्याकरणाला धरून कुणालाही पटणारं नाही. आमच्या धंद्यात मात्र ते रोजचं आहे. पुढं पुढं तर मला संशय यायला लागला, की कुठल्यातरी लॉटमध्ये कुणीतरी माझ्याही नावाची चिठ्ठी टाकली होती.

मी कबड्डीतला डावा कोपरा. गाव नांदुऱ्याकडचं. आता तिथं महामार्गालगत १०५ फूट उंचीचा हनुमान उभा आहे. आमच्या वेळी पारावरचा हातभर उंचीचा शेंदरी मारुती एवढंच आमचं क्रीडा प्राधिकरण. दंड काढायचे त्याच्यासमोर, नारळ फोडायचा त्याच्यासमोर, आणि शेजारच्या गावाकडून हरून आलो तर तोंड लपवायचं तेही त्याच्यापासूनच. बारावीनंतर कुणीतरी सांगितलं, अमरावतीला खेळाचं कॉलेज आहे. आबांनी पऱ्हाटीत डवरा थांबवून विचारलं, ‘खेयाले बी कालेज लागते?’

मी त्यांना हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची थोरवी सांगितली. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेली संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक थेट जर्मनीत जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. प्रायोजक नाही, बोधचिन्ह नाही, इव्हेंट कंपनी नाही, आणि तरीही वऱ्हाडातली माणसं बोटीनं गेली, खेळ करून परत आली. आजही मला क्रीडा व्यवस्थापनाचं याहून मोठं उदाहरण सुचत नाही. आबा प्रभावित झाले. म्हणाले, ‘मंग तू बी जाशीन बर्लिनले?’

म्हटलं, ‘नाही, मी बी.पी.एड. करणार आहे.’

बी.पी.एड.ला मी खेळलो. एम.पी.एड.ला खेळाविषयी शिकलो. नेटची तयारी करताना खेळाविषयी कसं शिकवावं याविषयी वाचलं. गुडघे तेच, पण त्यांच्यावरची माती कमी होत गेली. पहिला बाय मला इथं कुठंतरी मिळाला असावा.

विशेषीकरणासाठी मी क्रीडा व्यवस्थापन घेतलं, कारण क्रीडा मानसशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. विषयाचा जन्मच मजेशीर आहे. १९५७ साली ब्रूकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे वॉल्टर ओमॅली यांनी जेम्स मेसन नावाच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं, की स्टेडियम चालवायला, तिकिटं विकायला, हिशेब ठेवायला शिकलेली माणसं आम्ही आणायची कुठून? त्यावर अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला १९६६ मध्ये. मधली नऊ वर्षं वाचून मला फार बरं वाटलं. पत्राची दखल घ्यायला तिकडंही वेळ लागतो.

ओमॅलींची अडचण एवढीच, की स्टेडियम आहे, ते चालवायचं कसं. आमची अडचण तिथपर्यंत पोचतच नाही. पुस्तकात पहिलं प्रकरण तिकीटविक्रीचं, दुसरं प्रायोजकत्वाचं, तिसरं जोखीम व्यवस्थापनाचं. मी ज्या मैदानावर प्रात्यक्षिक घेतो त्याच्या मधून गावाची पायवाट जाते. रेडर ‘कबड्डी कबड्डी’ करत बोनसला पाय टाकतो आणि तेवढ्यात गवताचा भारा घेतलेली मावशी म्हणते, ‘सरक रे बाप्पा.’ रेडर सरकतो. दम मोडत नाही. पंच काय देणार? मी नियमपुस्तिका पालथी घातली आहे, तिच्यात भारा नाही.

नोकरीचं सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीत महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकासाठी एक अट आहे, जी मराठीच्या, भूगोलाच्या किंवा गणिताच्या माणसाला नाही. त्याला धावून दाखवावं लागतं. बारा मिनिटांत, वयाच्या तिशीपर्यंत १८०० मीटर, चाळिशीपर्यंत १५००, पंचेचाळीसपर्यंत १२००, पन्नाशीपर्यंत ८००. केनेथ कूपर नावाच्या डॉक्टरनं १९६८ साली अमेरिकी हवाई दलासाठी जी बारा मिनिटांची चाचणी मांडली, तिचंच हे रूप. १८०० मीटर म्हणजे किती? लोणारच्या विवराचा व्यास साधारण तेवढाच. या काठावरून त्या काठावर, पाणी आडवं नसतं तर. आणि पन्नाशीच्या ८०० मीटरला ताशी चार किलोमीटरचा वेग पुरतो. आमची सौ. भाजी घ्यायला याहून वेगात जाते, येताना हातात पिशवीही असते.

अट कडक असली तरी जागा निघायची असते कुठं? मी आधी बरीच वर्षं तासिका तत्त्वावर होतो. हे तत्त्व थोडक्यात असं, की तास झाला तर पैसे, आणि पैसे झाले तर नवल. चतकोर वेळचा माणूस पूर्ण वेळ धावत असतो, त्यामुळं माझी बारा मिनिटांची तयारी आपोआप झाली. एके दिवशी खरंच जाहिरात निघाली. मी नियमित रुजू झालो आणि त्या दिवसापासून आजपर्यंत मला कुणीही धावायला सांगितलेलं नाही.

सांगतात ते दुसरं. झेंड्याची दोरी. पंधरा ऑगस्टला झेंडा वर जाऊन उलगडला नाही, की सगळ्या स्टाफच्या माना वर आणि नंतर एकदम माझ्याकडे. दोरी हा शारीरिक शिक्षणाचा विषय आहे, असं या राज्यात एकमतानं ठरलेलं आहे. तसंच प्रभात फेरी, परीक्षेला बाकांची रांग, स्नेहसंमेलनात मागच्या बाजूच्या शिट्ट्या. सगळीकडं ‘सर, तुमचा आवाज मोठा आहे’ हे एकच कारण. एकदा मूल्यांकन समितीपुढं मी क्रीडा व्यवस्थापनाच्या आधुनिक प्रवाहांवर सादरीकरण केलं. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘सुंदर. आता तेवढं बाहेरच्या पोरांना जरा गप्प करता का?’

मग पीएच.डी.

महाराष्ट्रातल्या शारीरिक शिक्षणाच्या प्रबंधांत एक शब्द हमखास सापडतो: तुलनात्मक. ग्रामीण आणि शहरी कबड्डीपटूंचा तुलनात्मक अभ्यास, कबड्डी आणि खो-खोपटूंचा तुलनात्मक अभ्यास, आणि दोन्ही झाले की त्यांची चिंता, त्यांची लवचिकता, त्यांचं समायोजन. घाटावरचे आणि घाटाखालचे हा भेद आमच्या जिल्ह्याला निसर्गानंच दिलेला असल्यामुळं विषय शोधायला मला घराबाहेरही जावं लागलं नाही. ‘घाटावरील व घाटाखालील कबड्डीपटूंना जाणवणारी प्रशिक्षकाची नेतृत्वशैली: एक तुलनात्मक अभ्यास.’

साधन घेतलं चेल्लादुराईंचं. पाकियनाथन चेल्लादुराई हे या विषयातलं जगात मान्य असलेलं नाव, आणि माणूस आपल्या मद्रासकडचा. बास्केटबॉल खेळलेला, तिथल्या वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकलेला, नंतर कॅनडा-अमेरिकेत प्राध्यापक झालेला. १९८० साली त्यांनी आणि सालेह यांनी मिळून ४० विधानांची एक प्रश्नावली दिली. प्रत्येक विधानापुढं पाच पर्याय: नेहमी, बरेचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. त्यावरून प्रशिक्षक कसा आहे ते पाच अंगांनी कळतं. तो शिकवतो किती, लोकशाहीनं वागतो किती, हुकूमशाही किती करतो, पोरांची काळजी घेतो का, शाबासकी देतो का.

मी तिचं मराठी केलं, झेरॉक्स काढल्या आणि खामगावजवळच्या एका गावी गेलो. प्रशिक्षकांनी पोरांना मैदानातच मांडी घालून बसवलं, प्रत्येकाच्या हाती पेन दिलं, आणि स्वतः हातात शिट्टी घेऊन रांगांमधून फिरू लागले. मी म्हटलं, ‘सर, माहिती गोपनीय आहे, आपण जरा बाजूला...’ ते म्हणाले, ‘असू द्या हो, आपलीच पोरं आहेत.’ पाच मिनिटांनी मागच्या रांगेतून आवाज आला.

‘सर, तुमी हुकूमशाई करता का?’

‘काय लिहिलंय त्यात?’

‘पाच खाने हायेत.’

‘मग शेवटच्यात कर टिक. सगळ्यांनी करा. अन् लवकर आटपा, पाच राउंड मारायचे हायेत.’

माझ्या प्रबंधानुसार घाटाखालचे प्रशिक्षक शंभर टक्के लोकशाहीवादी आहेत. घाटावरही हाच निष्कर्ष आला, फक्त तिथल्या सरांच्या हातात शिट्टीऐवजी छडी होती.

जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. संध्याकाळी शेतात घट आणि धान्य मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. शिकलेली माणसं त्याला हसतात. मी हसत नाही. तिथं निदान आधी धान्य मांडतात आणि मग निष्कर्ष काढतात. आमच्या मार्गदर्शन खोल्यांतून निष्कर्ष आधी ठरतो, धान्य नंतर गोळा होतं.

दोन्ही गटांच्या आकड्यांत फरक आहे का, हे बघायला टी-टेस्ट लावतात. आमच्या विषयात टी-टेस्ट लावला नाही तर प्रबंधाला शेंदूर लागला नाही असं समजतात. हा टेस्ट काढणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीला होता. गिनेस म्हणजे बिअरचा कारखाना. नोकरदारानं स्वतःच्या नावानं लिहायचं नाही अशी पद्धत, म्हणून १९०८ साली त्यानं ‘स्टुडंट’ या टोपणनावानं तो छापला. हे कळलं त्या दिवसापासून मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या एका सहकाऱ्याचा प्रबंध ‘कुस्तीपटूंमधील निर्व्यसनीपणा’ यावर आहे आणि त्यातल्या एकूण एक तक्त्याखाली हा बिअरवाला सही करून बसलाय.

या टेस्टवरून पूर्ण विश्वास उडायचा तो २०२३ साली उडाला. मे महिन्यात शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात आमच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं कंपाउंडच्या अंतिम सामन्यात जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवलं. १४९ विरुद्ध १४८. पुढं ऑक्टोबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या तिघांतही तो होता. गावात मिरवणूक, फटाके, फलक. मला मात्र वर्गातला एक पोरगा विचारतो, ‘सर, एकशे एकोणपन्नास आन् एकशे अठ्ठेचाळीस, ह्याच्यात सार्थ फरक हाय का?’ आम्ही जो फरक मोजायला शिकवतो त्या हिशेबानं नाही. प्रबंधात लिहायचं तर ‘दोन्ही खेळाडूंत सार्थ फरक आढळून येत नाही’ असंच लिहावं लागलं असतं, आणि दोघांना अर्धं अर्धं पदक द्यावं लागलं असतं. मी त्या पोराला म्हटलं, परीक्षेत हे विचारणार नाहीत.

यशाची लाट आली की आमच्याकडे चर्चासत्र भरतं. भरलं. ‘जिल्ह्यातील क्रीडा यश: व्यवस्थापकीय दृष्टिकोन.’ एकाही वक्त्यानं कधी धनुष्य उचललेलं नव्हतं. मीही निबंध वाचला. ल्यूथर गुलिक यांनी १९३७ साली व्यवस्थापनाची जी सात कामं सांगितली, नियोजनापासून अंदाजपत्रकापर्यंत, ती एका तिरंदाजाला कशी लागू पडतात, यावर बारा पानं. गुलिक नावानं पोरांचा नेहमी घोळ होतो, कारण १८९१ साली जेम्स नेस्मिथला ‘हिवाळ्यात आत खेळता येईल असा खेळ शोध’ म्हणून सांगणारे, ज्यातून बास्केटबॉल निघाला, तेही ल्यूथर गुलिकच. माणसं दोन, नाव एक. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ही दोन माणसं केव्हाच एक झाली आहेत आणि तो बिचारा १८९१ पासून १९३७ पर्यंत एकटाच राबतोय.

तो निबंध नंतर एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. आंतरराष्ट्रीय म्हणजे मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल होता. छपाईचा खर्च लेखकाचा. माझ्या आधीचा निबंध ग्रामगीतेवर होता, नंतरचा हरभऱ्यावरच्या घाटे अळीवर. मला गुण मिळाले. २०१० पासून प्राध्यापकाची बढती गुणांवर बेतली गेली, आणि प्रत्येक निबंधाला, प्रत्येक चर्चासत्राला गुण. पंचवीस वर्षांपूर्वी पकड केली की एक गुण मिळायचा, त्यासाठी ढोपर फुटायचं. आता नुसती प्रमाणपत्राची झेरॉक्स लावायची. बढती झाली तेव्हा आबांना पाया पडून सांगितलं. ते म्हणाले, ‘मंग आता तं तुले अजिबातच खेया लागत नसन.’

विषयाचं काही खरं शिकलो असेन तर ते एका उत्तरपत्रिकेत. प्रश्न होता, ‘क्रीडा स्पर्धांतील स्वयंसेवकांचे व्यवस्थापन स्पष्ट करा.’ पुस्तकाचं उत्तर ठरलेलं: टी-शर्ट द्या, ओळखपत्र द्या, भत्ता द्या, प्रमाणपत्र द्या, म्हणजे माणूस टिकतो. एका मुलीनं लिहिलं होतं, उदाहरण: शेगावचं गजानन महाराज संस्थान. तिथले सेवेकरी यातलं काहीच मागत नाहीत, उलट सेवेसाठी आपला नंबर कधी लागतो याची वाट बघतात. शिवशंकरभाऊ पाटलांनी ही शिस्त कशी बसवली, यावर तिनं दीड पान लिहिलं होतं, गर्दीच्या दिवशीची रांग, चपलांची जागा, प्रसादाची ताटं, सगळं. तिचे वडील तिथं सेवेला जायचे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लाल शाईत लिहिलं, ‘क्रीडेशी संबंध नाही.’ मी भांडलो. आयुष्यात पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागितली ती तेवढी एकदाच. तीन गुण वाढवून मिळाले. शेगावला जाऊन कचोरी खाल्ली आणि परत आलो.

गेल्या डिसेंबरात गावच्या मंडळानं कबड्डीचे रात्रीचे सामने ठेवले होते. मी प्रमुख पाहुणा. माझ्यासाठी सरपंचाच्या घरचा सोफा मैदानाच्या कडेला आणून ठेवला होता, त्यावर टॉवेल. मी सवयीनं वहीत टिपायला लागलो. बावीस संघ. फिक्श्चर एका दहावी नापास पोरानं सिगारेटच्या पाकिटाच्या मागं लिहिलेलं. मी मनात हिशेब केला: बत्तीस वजा बावीस, दहा बाय. त्याचेही दहाच, आणि जागच्या जागी. ‘हे कुठं शिकला रे?’ विचारलं तर म्हणाला, ‘शिकाचं काय हाय त्याच्यात?’ लाइट गेली तर जनरेटर कुणाचा, जेवणाला पिठलं-भाकर कुणाकडं, पाय मुरगळला तर तेल लावणारा म्हातारा कुठं बसलाय, सगळं ठरलेलं. पहिलं बक्षीस रोख, दुसरं बोकड. बोकड सोफ्याच्या पायालाच बांधला होता आणि अधूनमधून माझ्या शालीचा घास घेत होता.

सूत्रसंचालक माझी ओळख करून देत होता. डॉक्टर, प्रोफेसर, अमुक इतके शोधनिबंध, तमुक परिषदा. मैदानात संघ उतरले होते, डावा कोपरा एक बारकं पोरगं होतं, मांड्या थोपटत होतं. मी नकळत पुढं सरकून बसलो. तेवढ्यात फक्कीचा डबा घेतलेला एक पोरगा वाकत वाकत माझ्यापर्यंत आला आणि थांबला.

‘सर, पाय घ्या न जरा मांगं. लाइनीवर हाय तुमचा.’

मी पाय मागं घेतला. त्यानं फक्की मारली आणि पुढं गेला.